रविवारचा करडा रंग

"वहिनी काय झकास दिसतायत रे! लिपस्टिक शोभते हं त्यांना," दाढी म्हणाला आणि चहाचा कप सांभाळत आपल्या टेबलाकडे निघूनही गेला. दाढी कंपनीत कॅटलॉगची पानं लावायचा. दाढी काढून त्याला कितीतरी वर्षं झाली होती, नाव तेवढं हनुवटीला चिकटून राहिलं होतं. मनात काही न ठेवता तो बोलायचा आणि बोललेलं विसरूनही जायचा. पण इकडे फोटोग्राफरचा माउसवरचा हात जागच्या जागी थिजला. संगणकाच्या पडद्यावर त्याची बायको खिडकीपाशी बसली होती. काल, रविवारी, बसली होती तशीच, मान जराशी वळलेली, हात मांडीवर. फक्त ती रंगीत होती. स्वेटर हिरवा होता. मागचा खिडकीचा पडदा विटकरी होता. हा पडदा घरात कधी आला ते त्याला आठवेना. आणि ओठ लाल होते. भडक नव्हते, पण ओठांचे आपले असे लालही नव्हते. लावलेले होते. ती लिपस्टिक लावत नाही, हे वाक्य त्याच्या मनात उमटलं आणि पडद्यावर आपटून परत आलं.

झालं होतं एवढंच, की ऑफिसात फोटो उघडायचा नवा प्रोग्रॅम आला होता आणि त्याची चाचणी घ्यायला त्याने खिशातलं घरच्या कॅमेऱ्याचं कार्ड लावलं होतं. त्याचा स्वतःचा कॅमेरा कायम कृष्णधवलवर लावलेला असे. मागच्या छोट्या पडद्यावर जग काळंपांढरं दिसे, घरच्या संगणकावरही तसंच उघडे. डिजिटल कॅमेऱ्यात काळंपांढरं असं मुळात काही नसतं, हे त्याला अर्थातच ठाऊक होतं. कॅमेरा सगळं रंगीतच टिपतो, मूळ फाईलमध्ये प्रत्येक रंग जसाच्या तसा जपून ठेवतो आणि वरून करड्या रंगाचं पांघरूण घालतो. नव्या प्रोग्रॅमला त्या पांघरुणाची ओळख नव्हती. त्याने ते सरळ ओढून काढलं होतं. आणि खाली त्याची बायको कुणा परक्यासमोर सापडावी तशी बसलेली होती, दाढीच्या देखत.

रंगाशी त्याचं वैर होतं असं म्हणता येणार नाही; रंगाला तो विटला होता. फरशा बनवणाऱ्या कंपनीच्या कॅटलॉगसाठी सोमवार ते शनिवार तो फरशांचे फोटो काढायचा. हस्तिदंती फरशी छापून पिवळट आली की विक्रीवाले अंगावर यायचे. राखी आणि धुरकट, मोती आणि शंख, लिंबोळी आणि शेवाळी यांत भेद करत, तेवढ्यासाठी भांडत, करड्या रंगाचं कार्ड शेजारी ठेवून पुन्हा पुन्हा मोजत त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं. म्हणून रविवार. रविवारी सकाळी ऊन समोरच्या इमारतीच्या भिंतीवर पडून खिडकीतून मऊ होऊन आत येई, तेवढा तासभर तो तिला खुर्चीत बसवी आणि रंग नावाची कटकट दाराबाहेर ठेवी. उरे तो नुसता उजेड. गालावरून उतरणारा, गळ्याच्या खळगीत साचणारा. "रंग म्हणजे गोंगाट," तो दाढीला सांगायचा. "तो बंद केला की माणूस ऐकू येतं." दाढी म्हणायचा, "वा!" आणि फरशीचं पान लावत राहायचा.

नंतर संगणकावर बसून तो त्या उजेडाला आकार द्यायचा. प्रोग्रॅममध्ये प्रत्येक रंगाची एकेक पट्टी असते. चित्र काळंपांढरं असलं तरी आतून ते रंगच सूत्रं हलवत असतात. नारिंगी पट्टी वर नेली की कातडी उजळते, लाल खाली ओढली की ओठ गडद होतात. उजळ चेहऱ्यावर गडद, शांत ओठ, ही त्याची खासियत होती. ज्या हौशी फोटोमंडळात तो जायचा तिथले लोक तिलाच दाद द्यायचे. पूर्वी त्यासाठी लाल पट्टी खूप खाली खेचावी लागे आणि मग गाल डागाळायचे. अलीकडे मात्र हात बसला होता. अलीकडे पट्टीला जेमतेम बोट लावलं की ओठ हवे तसे काळसर यायचे, कधी कधी तर हातही लावावा लागत नसे. वयाबरोबर नजर पिकते, उजेड कळू लागतो, असं त्याने मंडळाच्या सभेत बोलून दाखवलं होतं, आणि तरुण मुलांनी माना डोलावल्या होत्या.

जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले तरी तो उठला नाही. लिपस्टिक कुणासाठी, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला नव्हता, पण त्याचं उत्तर देणारी माणसं आपली आपण डोक्यात रांग लावून उभी राहिली. ती घरी बसून शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासायची, म्हणजे मुद्रितं घेऊन येणारा प्रेसचा माणूस. वरच्या मजल्यावरचा, जिन्यात तिच्याशी थांबून बोलणारा निवृत्त शिक्षक. त्याला स्वतःचंच हसू आलं, पण ते हसू तोंडापर्यंत पोहोचेना. माझ्यासाठी कशी असेल? मला तर दिसलीसुद्धा नाही. तास-तासभर समोर बसवून, इकडे बघ, हनुवटी जरा खाली, असं म्हणत मी तिला न्याहाळली आणि मला दिसली नाही. मग जिला मी बघतच नाही ती बाई कुणाला दिसावं म्हणून रंगते? आपल्याच घरात कुणीतरी आपल्या पाठीमागे उभं आहे असं वाटून मानेवरून काहीतरी सरपटत गेलं. ती कधीपासून लावते, तेवढं तरी बघू, म्हणून त्याने कार्डावरच्या जुन्या फाईली एकामागून एक उघडायला सुरुवात केली.

एकेक रविवार पांघरूण टाकून उठू लागला. लिपस्टिक, लिपस्टिक, लिपस्टिक. नखांनाही गडद रंग होता, तोही त्याला ठाऊक नव्हता. तो मागे मागे जात राहिला. पावसाळा गेला, उन्हाळा आला, आणि एका रविवारी लिपस्टिक नव्हती. त्याला हायसं वाटलं. मग त्याने चित्र मोठं केलं, आणि आत कुठेतरी पायरी चुकल्यासारखं झालं. ओठ लाल नव्हते, गुलाबी नव्हते. ते जांभळट होते, कडेला निळसर. कॅटलॉगात या रंगाची फरशी होती, न्हाणीघरांसाठी, तिचं नाव 'सांज' होतं आणि ती कुणी घेत नसे. त्याने घाईघाईने उजेडाला दोष देऊन पाहिला. खिडकीतला उजेड निळा असेल. पण आठवड्याची सवय रविवारीही सुटत नसल्यामुळे पहिल्या फोटोत तो नेहमी तिच्या हातात करडं कार्ड द्यायचा. उजेड निळा असता तर कार्डही निळसर आलं असतं; कार्डाचा करडा अगदी चोख करडा होता. खोटं असेल तर ते उजेडात नव्हतं. आणखी मागे गेल्यावर निळसरपणा कमी होत गेला. हिवाळ्यात नुसती छटा, त्याच्या आधीच्या पावसाळ्यात शंका, आणि त्याच्याही आधी, पार मागे, साधे, जिवंत, गुलाबी ओठ, किंचित हसणारे. मग तो उलट, पुढे येत गेला. कॅटलॉगात एकाच फरशीच्या छटा ओळीने मांडतात तसे ओठ महिन्यामहिन्याने निळे होत गेले होते, आणि पुरते निळे झाले तेव्हा त्यांच्यावर लाल रंग चढला होता. झाकायला. ज्याला दिसत नव्हतं त्याच्यापासून झाकायला.

लाल पट्टीला हात लावावा लागत नव्हता तो याच्यामुळे. नजर पिकल्यामुळे नव्हे.

तब्येत बरी नाही म्हणून तो लवकर निघाला. रस्त्यात सगळं रंगीत होतं आणि प्रत्येक रंग त्याच्याकडे वळून बघत होता. सिग्नलचा लाल, दुकानाच्या पाटीचा निळा, समोरून येणाऱ्या बायकांचे ओठ. तो ओठ मोजत चालला होता हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा एक बाई रागाने बघून पुढे गेली. आपल्या इमारतीच्या जिन्यापाशी आल्यावर त्याला आठवलं की बायको हल्ली प्रत्येक मजल्यावर थांबते. दारांवरच्या नावाच्या पाट्या वाचते. "अगंबाई, यांनी पाटी बदलली वाटतं." "इथे कोण राहायला आलंय?" रोज तेच शेजारी, त्याच पाट्या. आणि तो पिशव्या घेऊन वर जाऊन कुलूप काढत उभा राही, मनात म्हणे, बायकांना चौकशा फार. "तुम्ही व्हा पुढे," ती म्हणायची. कितीतरी महिने ती म्हणत आली होती, तुम्ही व्हा पुढे, आणि तो होत आला होता. पहिल्या मजल्यावरच्या पाटीपुढे तो थांबला. तिथे वाचण्यासारखं काही नव्हतं.

ती स्वयंपाकघरात भाजी फोडणीला टाकत होती. तो दारात उभा राहून बघू लागला. वरचा दिवा पिवळा होता, पिवळ्यात निळं बुडून जातं, तरीही एकदा ठाऊक झाल्यावर ते लपेना. ओठांवर आज काही लावलेलं नव्हतं. म्हणजे ती फक्त रविवारी लावत होती.

"लवकर आलात? आणि दारात काय उभे, पाहुण्यासारखे?"

"तू लिपस्टिक लावतेस?"

ती हसली. "आत्ता दिसली होय?"

"कधीपासून लावतेस?"

"तुमच्या कॅमेऱ्याला विचारा."

"विचारलं," तो म्हणाला. "उन्हाळ्यापासून. त्याच्या आधी ओठ निळे आहेत."

तिच्या हातातला झारा कढईच्या काठावर थांबला. गॅस बारीक करून ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "झडप आहे हृदयाची. बिघडलीय. लहानपणी मला ताप आला होता ना, सांधे धरले होते, तेव्हाचंच असणार म्हणाले डॉक्टर."

"कुठले डॉक्टर?"

"ताई घेऊन गेली होती."

"ताईला माहितीय?"

"तिनेच तर पाहिलं. पंधरा वर्षं चष्मा बदललेला नाही तिने, पण दारातून आत येता येताच म्हणाली, अगं, तुझे ओठ असे का?"

थोरल्या मेव्हणीला तो मनातल्या मनात भोचक म्हणायचा. त्याने भिंतीला हात लावला. "आणि मला का नाही सांगितलंस?"

"भाजी लागेल," ती म्हणाली आणि पाठ फिरवून कढईकडे वळली.

पुढचे सोपस्कार झाले. तो तिला घेऊन डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर म्हणाले, यायला उशीर झालाय पण हुकलेलं नाही, ऑपरेशन करून झडप बदलता येईल, फार मात्र रेंगाळू नका. ती "बघू" म्हणाली. घरी आल्यावरही "बघू" म्हणाली. ताईने फोनवर रडून पाहिलं, रागावून पाहिलं. ती म्हणायची, एवढी मुद्रितं संपू देत. मुद्रितांचे गठ्ठे संपत आणि नवे येत. त्याने ओरडून पाहावं तर तोंड उघडेना. कोणत्या तोंडाने ओरडणार होता? तो फक्त बघत होता. सकाळी ती उठायच्या आधी तो उठून बसलेला असे, पडदा सरकवून, कारण सकाळचा उजेड खरा. आज कालच्यापेक्षा निळे आहेत की नाही? चहा घेताना, केस विंचरताना, मुद्रितावर लाल पेनाने खुणा करताना तो तिच्या तोंडाकडे बघायचा आणि मनात फरशीची छटा लावून पाहायचा. आपल्याला असं करायचं नाही हे कळत असूनही पाहायचा. एवढी वर्षं जे मिटून ठेवलं होतं ते उघडलं होतं आणि आता मिटत नव्हतं. ऑफिसात तर त्याला फरशाच दिसेनात. दाढीने एकदा एक पान पुढे करून विचारलं, "हा राखी वाटतो का रे?" तो कितीतरी वेळ पानाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "थोडी दम लागल्यासारखी वाटते." दाढीने पान हळूच काढून घेतलं.

"चोवीस तास माझ्या तोंडाकडे काय बघता?" एके दिवशी ती कडाडली. "मी काय फरशी आहे?" त्यानंतर ती खिडकीकडे पाठ करून बसू लागली. बोलताना तोंडापुढे हात धरी. चहा संपला तरी कप ओठांपासून काढत नसे. तो एका खोलीत आला की ती काहीतरी निमित्त काढून दुसऱ्या खोलीत जाई. खोल्या दोनच होत्या, त्यामुळे दिवसभर दोघं एकमेकांना हुसकावत फिरत. आपण पहारेकरी झालो आहोत की कैदी, हे त्याला उमजेना. रविवार येत, ऊन समोरच्या भिंतीवरून मऊ होऊन खिडकीतून आत येई, रिकाम्या खुर्चीवर पडून निघून जाई. दोघंही त्या तासात स्वयंपाकघरात उभी राहून काहीबाही आवरत. खुर्ची कुणी हलवली नाही. कुणी तिच्यावर बसलंही नाही.

अशाच एका संध्याकाळी तो कामावरून आला तर घरात दिवा नव्हता. ती पलंगाच्या कडेला बसली होती. तो बटणाकडे वळला तशी म्हणाली, "नका लावू. बसा जरा."

तो बूट न काढता तिच्या शेजारी बसला. बाहेरचा उजेड उतरत होता. उजेड उतरताना लाल सगळ्यांत आधी विझतो, हे त्याच्या धंद्यातलं साधं ज्ञान होतं. विटकरी पडदा काळा झाला, मग चादरीवरची फुलं गेली, मग तिचा स्वेटर कोणत्याही रंगाचा राहिला नाही. खोली हळूहळू त्याच्या फोटोंसारखी होत गेली. शेजारी तिचा चेहरा होता, गालावर शेवटचा उजेड, ओठ गडद आणि शांत. ते कसे आहेत हे आता सांगता येत नव्हतं. त्याच्या खांद्यांवरचं काहीतरी सैल झालं आणि त्या सैल होण्याचीच त्याला लाज वाटली. वाटलं, असंच राहावं, पुन्हा उजाडूच नये. तिचा श्वास मात्र ऐकू येत होता. आखूड, वरच्या वर घेतलेला. गोंगाट बंद केला की माणूस ऐकू येतं असं तो म्हणत आला होता. हा श्वास त्याने कधी ऐकला नव्हता.

"तुम्ही विचारलं होतंत, का नाही सांगितलं," ती म्हणाली. "रागावणार नसाल तर सांगते."

"नाही रागावत."

"रविवारचा तासभर तुम्ही माझ्याकडे बघायचात. एरवी सगळा आठवडा फरशा. घरी आलात की संगणक. पण तो एक तास, हात असा ठेव, मान अशी कर... मी आठवडाभर त्या तासाची वाट बघायचे. हसू नका."

"हसत नाही."

"आजारी बाई म्हटल्यावर तुम्ही मला त्या खुर्चीत बसवलं असतंत का? औषध घेतलंस का विचारलं असतंत, बाकी काय. तो तास गेला असता. म्हणून लावत होते. म्हटलं, फोटोत नीट दिसू दे. तुम्हाला वाईट दिसायला नको."

त्याने बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली. मग म्हणाला, "मी बघत नव्हतो."

"ते मला त्या दिवशी कळलं," ती म्हणाली. "तोवर वाटायचं, बघताय."

बाहेर कुणाच्या तरी घरी दिवा लागला आणि त्यांच्या छतावर फिकट पट्टा पडला. तिने त्याचा हात चाचपून हातात घेतला. तिची बोटं थंडगार होती.

"मला भीती वाटते हो. तिथे गुंगीत घालतील. मला कळणारही नाही, कोण कसं बघतंय माझ्याकडे. आणि उठलेच नाही तर शेवटचं कुणी पाहिलं म्हणायचं मला? तोंडाला फडकं बांधलेल्या माणसांनी?"

"मी असेन," तो म्हणाला.

"दाराबाहेर."

"दाराबाहेर," त्याने कबूल केलं. आणखी काही बोलावं म्हणून शब्द शोधले तर ते सगळे सभेत बोलायचे शब्द निघाले. त्याने ते तसेच आत राहू दिले. तिच्या श्वासाबरोबर श्वास घ्यायचा प्रयत्न त्याने केला, त्या आखूड मापात, आणि थोड्याच वेळात त्याचं डोकं गरगरायला लागलं. ही असा श्वास घेऊन जिना चढत होती. पाट्या वाचत होती.

"ताईला सांगते उद्या," ती म्हणाली. "तारीख घे म्हणून."

त्याने मान हलवली. ती अंधारात दिसली नसेल असं वाटून तो मोठ्याने म्हणाला, "बरं."

"लावा आता दिवा."

तो उठला. बटणापाशी गेला. बोट बटणावर ठेवलं आणि तसाच उभा राहिला. दाबलं की ते निळं समोर येणार होतं, आज कालच्यापेक्षा जास्त की कमी, आणि त्याला पुन्हा मोजावं लागणार होतं. उद्या, परवा, दवाखान्यातल्या पांढऱ्या दिव्यांखाली, आणि नंतरही, जर नंतर असलं तर. एवढंसं बटण. तो त्याच्याशी झुंजत असल्यासारखा घामाघूम झाला.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही."

पलंग कुरकुरला. ती उठल्याचं त्याला कळलं. पावलं सावकाश जवळ आली, मध्येच थांबली. तिने टेबलाच्या कडेला हात टेकला असावा, कारण मुद्रितांचे कागद सळसळले. श्वास जागेवर आल्यावर पावलं पुन्हा निघाली. ती त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तिने त्याचं बोट अलगद बाजूला सारलं.

"बघा माझ्याकडे," ती म्हणाली, आणि बटण दाबलं.